कल्पनाताईंची जांभळी साडी

चामराजपेट, बंगलोर
२६ एप्रिल १९६२

प्रिय नीरजा,

तुझा शेवटचा पेपर होईपर्यंत मुद्दाम थांबले. आता झाला ना? मग दार लोटून घे, मैत्रिणींना तासाभरासाठी हाकलून दे आणि हे पत्र सावकाश वाच, कारण ते लांबणार आहे. तुझे बाबा म्हणाले, "चार ब्लाउजांची हकिकत लिहायला पोस्टकार्ड पुरे की." त्यांना काय जातंय सांगायला! त्यांचा सदरा शिवायला टाकला की शिंपी गळ्याचं माप घेतो आणि दोघंही सुटतात.

तर आधी ब्लाउज. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या चारही साड्या चादरीत बांधून चंद्राबाईंकडे नेल्या. तुझ्या होणाऱ्या सासरी, नंदकिशोररावांच्या घरी, कुणी शिंप्याबद्दल विचारलं तर सांग, की आमच्या गल्लीच्या टोकाला निपाणीकडची एक बाई ओसरीवर मशीन टाकून बसते, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलते, आणि तिने मान डोलावल्याशिवाय इथल्या मराठी घरांतली नवरी उभी राहत नाही. डाळिंबी साडीला मला हिरवा ब्लाउज हवा होता, कारण काठ हिरवे आहेत. चंद्राबाईंनी पदर माझ्याच खांद्यावर टाकला, दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "हिरवं घेतलीस तर समद्यांची नजर पोलक्यावरच जाईल की अक्का. साडीच्या अंगाचा रंग घे. बाहीला तेवढा काठ लावू. काठ सांगतंय बाही कुठवर घ्यायची, आपण स्वल्प गप बसायचं." मी स्वल्प गप्प बसले. मोरपंखीला तू मासिकातलं चित्र पाठवलं होतंस तसाच बोटीसारखा गळा, पाठीवर बटणं. पिवळी साडी अंगावर दागिने घालून नेसायची, म्हणून तिचा ब्लाउज अगदी साधा, कोपरापर्यंत बाह्या. आणि मोतिया साडीवर तुझा तो बिनबाह्यांचा ब्लाउज मी मंजूर केला आहे. तू तो घालशील तेवढा वेळ तुझे बाबा वर्तमानपत्र डोळ्यांपुढून खाली घेणार नाहीत, पण त्यांना तशीही सवय आहे.

आता पाचव्या साडीचं. म्हणजे तुझ्या आईच्या, कल्पनाताईंच्या, लग्नातल्या जांभळ्या साडीचं. तिच्यापायी बेळगावच्या आजी रुसून बसल्या होत्या. आईची साडी तुला जुनाट वाटते, नेसायची नाही, असं तू त्यांना लिहिलंस, आणि त्यांचं मला कार्ड आलं की ज्या मुलीला आईची साडी नको तिच्या लग्नाला येऊन मी काय करू. तुझ्या आईची आई मांडवात नाही आणि तुझं लग्न लागतंय, हेच सारखं डोळ्यांपुढे यायचं. आणि त्या रुसण्याचं मूळ तू नाहीस नीरजा, मी आहे. सगळं अथपासून सांगते. त्यातलं काही तुला ठाऊक असेल, काही नसेल.

पन्नास साली मी या घरात लग्न करून आले तेव्हा सत्तावीस वर्षांची घोडनवरी होते आणि तू नऊ वर्षांची होतीस. कल्पनाताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई म्हणायची सक्ती नको म्हणून मीच तुला सांगितलं, मावशी म्हण. तू म्हणालीस, "बरं." पुढचे तीन महिने तू माझ्याशी त्या एकाच शब्दावर भागवलंस. जेवायला चल, बरं. वेणी घालू का, बरं. मला वाटायचं, भांडली तरी परवडेल, हे 'बरं' नको. मग दसरा आला आणि माझ्या सुपीक डोक्यात आलं, की तुला रेशमी परकर-पोलकं शिवावं. लाच म्हण हवं तर. माळ्यावरच्या ट्रंकेत जुने कपडे होते, त्यांत एक जांभळी नऊवारी सापडली. तांबडे काठ, काठावर जरीची कमळं. वर्षानुवर्षं घडी न मोडल्यामुळे ती घड्यांवर पार विरली होती, उलगडली तशी दोन ठिकाणी टरकली. आपल्याकडे अशा साडीचं कुणी फडकं करत नाही, धड राहिलेल्या भागाचे मुलींना परकर शिवतात. माझ्या आईने तेच केलं, तिच्या आईने तेच केलं. मी तुझ्या बाबांना विचारलं, "ट्रंकेतली एखादी जुनी साडी कापली तर चालेल का?" वर्तमानपत्रामागून "हं" आलं. त्या 'हं'वर मी पुढे किती वर्षं मनातल्या मनात राग काढला ते मलाच ठाऊक. पण खरं सांगायचं तर साडी नेऊन त्यांना दाखवावी एवढे कष्ट मी घेतले नव्हते. आणि तुला विचारावं हे तर माझ्या मनातही आलं नाही. चंद्राबाईंनी कापायच्या आधी "कुणाची गं ही?" म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, घरातलीच जुनी आहे.

दसऱ्याला तू ते परकर-पोलकं घालून बाहेर आलीस. गिरकी घेतली नाहीस, हसली नाहीस, काठ हातात धरून दारात नुसती उभी राहिलीस. बाबा म्हणाले, "वा, छान." दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, जर टोचते, मी हे आपल्या यल्लव्वाच्या मुलीला देऊन टाकते. मला इतका राग आला! म्हटलं, बघा, एवढ्या हौसेने शिवलं आणि ही मोलकरणीच्या मुलीला देऊन मोकळी. उरलेल्या काठांची जर मी जरवाल्याला घालून पातेलं घेतलं. आपलं दुधाचं पातेलं तेच. आता हसू नकोस, आणि रडूही नकोस.

त्यानंतर वैशाखात आजी पहिल्यांदा आल्या. लेकीच्या जागी आलेल्या बाईला बघायला येणं किती अवघड असतं, ते मला आता या वयात कळतं. त्यांनी माझी ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तू माझी कल्पना." मी वाकून नमस्कार करून उठते तोवर म्हणाल्या, "तिची लग्नातली जांभळी साडी तेवढी जप हो. तांबड्या काठांवर कमळं आहेत बघ. नीरजाच्या लग्नात लागेल." म्हणजे मी कापली ती तीच. ओटीचा खण हातात तसाच. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीत पाढे लिहीत बसलेली तू मान वर न करता म्हणालीस, "आहे आजी ती ट्रंकेत. मी बघितलीय." मी समजले, पोरीने दुसरीच कुठली तरी जांभळी साडी पाहिली असेल. तुझ्या अजाणपणाचे मनोमन आभार मानले आणि मान डोलावली. माझा गुन्हा तो. साडी कापली ती नकळत कापली, मान डोलावली ती कळून सवरून डोलावली.

मग दर दिवाळीला आजींकडून खण आला की मी ठरवायची, या वेळी लिहून टाकायचं. आणि दर वेळी लिहायची, खण पोचला, आवडला. अशी अकरा वर्षं गेली. फाल्गुनात त्यांचं कार्ड आलं, तसंच तुलाही गेलं असणार: सीमांतपूजनाला नीरजाने कल्पनाची साडी नेसावी, नऊवारी झेपत नसेल तर गोल नेसू दे, वर नवा ब्लाउज शिव. तुला खोटं वाटेल, पण मी चार दिवस चिकपेटेत तशी साडी शोधत हिंडले. दुकानदार माझ्या प्रत्येक 'ही नव्हे'ला "सरी अम्मा, सरी अम्मा" म्हणत गठ्ठ्यामागून गठ्ठा सोडत होता. जांभळ्यात इतके जांभळे असतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी एका दुकानात जवळपास तसेच कमळांचे काठ निघाले. ती कोरी करकरीत साडी चार वेळा धुऊन, गच्चीवर उन्हात टाकून जुनी कशी करायची, याचा सगळा बेत मी त्या दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या केला. कल्पनाताईंच्या काळातल्या फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज शिवला की कुणाला संशय येणार नाही, इथवर माझी मजल गेली होती. मग लक्षात आलं की ही सहावारी आहे, आणि आजींना वय झालं असलं तरी वार मोजता येतात.

आणि घरी येते तो तुझं पत्र! "मावशी, मी आजीला कळवलंय की मला ती साडी नेसायची नाही. जुनाट दिसते. तू कसलीच काळजी करू नकोस." मी सुटले गं. देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, पुण्याला शिकायला ठेवल्याचं सार्थक झालं, पोरीला फॅशन कळायला लागली. आठ दिवसांनी आजींचं रुसल्याचं कार्ड आलं तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगते, मी लगेच त्यांना खरं कळवलं नाही. हळहळत बसले. हळहळण्याला काही लागत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी तुझ्या मापाचा ब्लाउज मागितला. तुझी पत्र्याची ट्रंक मी कधी उघडत नाही, त्या दिवशी उघडली. रागावू नकोस. वरच तुझा निळा ब्लाउज होता, तो घेऊन झाकण लावणार तर खालच्या पंच्याच्या गुंडाळीतून जांभळं रेशीम दिसलं. परकर आणि पोलकं. यल्लव्वाच्या मुलीला दिलेलं! पोलक्याच्या आत कल्पनाताई आणि तुझ्या बाबांचा लग्नातला फोटो होता, जो हरवला असं आम्ही धरून चाललो होतो. फोटोत काठावरची कमळं मोजता येतील इतकी स्वच्छ. आणि घडीत कडुलिंबाचा पाला होता नीरजा, जुना भुगा झालेला नाही. तू दिवाळीत आली होतीस तेव्हा बदललेला.

मी फरशीवरच बसले. दसऱ्याला तू काठ धरून का उभी होतीस ते कळलं. जर टोचत नव्हती, तुला ते घालून खराब करायचं नव्हतं. खिडकीतून आजींना जे सांगितलंस ते अजाणपणे नव्हतं. परक्या घरातून येऊन तुझ्या आईच्या साडीला कात्री लावणाऱ्या बाईचं तोंड उघडं पडायला लागलं, तेव्हा तू ते झाकलंस, पाढ्यांवरून मान वर न करता. आणि आता आजींचा राग अंगावर घेतलास तोही त्याचसाठी. तुला ती साडी जुनाट वाटत नाही. तिचं उरलेलं तुझ्याएवढं कुणी जपलं नसेल. मला लाज वाटली, फार लाज वाटली. पण लाजेबरोबर इतकं हलकंही वाटलं की मी तिथेच बसून रडले आणि मधेच हसायलाही लागले. अकरा वर्षं मी समजत होते की या घरात हे मला एकटीलाच माहीत आहे, आणि तुला कळलं तर तू माझं तोंड पाहणार नाहीस. तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं आणि तू माझ्या हातचं जेवत होतीस, माझ्याकडून वेणी घालून घेत होतीस, तापात माझाच पदर धरून झोपत होतीस. तू असं का केलंस, ते मी विचारणार नाही. आल्यावर सांगावंसं वाटलं तर सांग.

बाबा कारखान्याच्या बसमधून उतरून घरात आले तसं ते सगळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलंच नाही. परकराचा काठ बोटांनी चाचपत राहिले आणि म्हणाले, "मला ओळखता यायला हवी होती गं." एवढंच. मग अंगणातल्या झाडांना पाणी घालायला गेले, दोनदा घातलं. मी मात्र दोन दिवसांत आजींना पत्र लिहिलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर काही सजवलं नाही, साडी मी कापली, तुमच्यापुढे खोटी मान मी डोलावली, नीरजाने तुम्हाला जे लिहिलं ते मला पाठीशी घालायला लिहिलं, एवढंच. पेटीत टाकलं आणि मागे न बघता घरी आले.

दुसऱ्या दिवशी परकर चंद्राबाईंना दाखवला. आधी त्या माझ्यावरच उखडल्या. "माझ्या हातानं कापून घेतलीस की गं! त्याच येळी बोलली असतीस तर कात्री हातात धरली नसती." मग चष्मा लावून त्यांनी परकर टेबलावर पसरला, चुण्या मोजल्या आणि हळूच म्हणाल्या, "घेर लई ठेवलेला अक्का मी. चुण्या उसवल्या तर नीरूचं एक पोलकं निघतंय. बाहीला ही कमळं." लोक साडी घेऊन ब्लाउज शोधतात, आपण ब्लाउज घेऊन साडी शोधली. एकेक साडी त्या जांभळ्याशेजारी धरून पाहिली. डाळिंबीशेजारी ते काळपट पडतं, मोरपंखीशी भांडतं, पिवळीशेजारी डोळ्यांना टोचतं. मोतिया साडी ठेवली आणि चंद्राबाईंनी बाकीच्या तिन्हींची घडी घालून टाकली. सीमांतपूजनाला मोतिया साडी आणि वर तुझ्या आईचं जांभळं. बिनबाह्यांचा मग पुण्यात घाल. चंद्राबाईंनी खडू उचलला होता, मी त्यांचा हात धरला. या कापडाला आता तुला विचारल्याशिवाय कात्री लागणार नाही. परकर पुन्हा तुझ्या ट्रंकेत आहे, पाल्यासकट. कापायचा की तसाच ठेवायचा, तू कळव. नको म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही, खरंच नाही.

साडीचं हे सगळं तू आल्यावर समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. पण आज दुपारी टपालात आजींचं कार्ड आलं, म्हणून जेवणाची ताटंही न उचलता लिहायला बसले. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरून देते: "साडी कापलीस ते नकळत झालं. अकरा वर्षं सांगितलं नाहीस ते वाईट केलंस, त्याबद्दल आल्यावर बोलेन. पोरगी आईला विसरली असं वाटून महिनाभर मला झोप नव्हती. ती विसरलेली नाही. साडी गेली तर जाऊ दे." मेच्या सतरा तारखेला सकाळच्या गाडीने त्या येत आहेत, तुझ्या मामांना बरोबर घेऊन, लग्न होऊन तू सासरी जाईपर्यंत राहायला. तेव्हा आता त्यांना माफीची पत्रं लिहू नकोस, साडीबद्दल आणखी काही जुळवून सांगू नकोस. तुझं ते काम संपलं, बाळ. फार लवकर अंगावर घेतलंस आणि फार दिवस केलंस. तू पंधरापर्यंत पोच म्हणजे स्टेशनवर आपण दोघी जाऊ. आजी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतील, इतकी वर्षं का लपवलंस म्हणून, मला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. उत्तर मी देईन. तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा.

तुझीच,
मावशी